तिसाव्या बाळंतपणाचा तक्ता

फेलोशिप हा शब्द माझी निवड झाली त्या दिवशी आमच्या घरात आला आणि पुढे वर्षभर हॉलमध्ये ठाण मांडून बसला. बाबांनी तो सोसायटीच्या गार्डपासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्या निवृत्त कर्नलपर्यंत सगळ्यांना ऐकवला. "बेटी फेलो हो गई है." कर्नलसाहेबांना वाटलं, मी परदेशी चालले. बाबांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मी मिडवाइफ आहे. साध्या मराठीत सुईण. चार वर्षं नर्सिंग, मग दीड वर्ष मिडवाइफचं शिक्षण, आणि पास झाल्याचा कागद हातात पडतो न पडतो तोच ही एक वर्षाची फेलोशिप. नव्या मिडवाइफना स्वतंत्रपणे आणि आत्मविश्वासाने बाळंतपणं करता यावीत, यासाठी ती काढली आहे, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. नाव मोठं लक्षण खोटं, हे कळायला मला दोन महिने लागले. हुशार मुलीला दोन दिवस पुरले असते.

बाबांना सुईण हा शब्द सहन होत नाही, त्याला कारण आहे. त्यांची आई, माझी आजी, भंडाऱ्याकडच्या एका गावात सुईण होती. मोठ्या घरांतून तिला बोलावणं यायचं. मागच्या दाराने आत जायचं आणि मागच्याच दाराने बाहेर यायचं. नाळ तिच्या हातून कापून घ्यायची आणि ती गेल्यावर तिची बसण्याची जागा सारवून घ्यायची, अशी त्या घरांची रीत. बाबांनी लहानपणी ते सारवणं दारातून पाहिलं होतं. पुढे ते शिकले, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीला लागले, द्वारकेत फ्लॅट घेतला, पण ते सारवणं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं नाही. "आजीला तुझ्या लिहिता येत नव्हतं," ते मला सांगायचे. "तू लिहिणारी आहेस. सर्टिफिकेट घे आणि पुढच्या दाराने जा. बस, इतकंच." निवड झाली त्या रविवारी त्यांनी आम्हाला कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या अतिथिगृहात जेवायला नेलं आणि वाढणाऱ्या माणसालाही ही बातमी सांगितली. आई म्हणाली, "अहो, त्याला भाजी तरी वाढू द्या."

हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही. एनसीआरमधलं, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातलं, एक मोठं हॉस्पिटल समजा. आमची ब्लू लाइन, मग मेट्रोची दुसरी लाइन, मग ई-रिक्षा, असं करत मी सकाळी तिथे पोचायचे. पहिले दोन महिने आम्हाला वरच्या मजल्यावरच्या स्किल लॅबमध्ये ठेवलं. तिथे टेबलावर एक रबरी बाई होती. तिच्या पोटातून एक रबरी बाहुली दिवसातून आठ वेळा जन्म घ्यायची. रबरी बाईशी आदराने बोललं की मार्क मिळायचे. "दीदी, घबराइए मत. दीदी, मैं आपको छू सकती हूँ?" परवानगी विचारायला विसरलं की अर्धा मार्क कापला जायचा. रबरी बाई कधीच नाही म्हणायची नाही, म्हणून सगळ्यांनाच चांगले मार्क मिळाले.

मग आम्हाला खाली लेबर रूममध्ये उतरवलं. तिथे जिवंत बायका होत्या आणि त्यांना 'तू' म्हणायची पद्धत होती. "टाँग खोल." "चिल्ला मत." भिंतीवर गुलाबी पोस्टर होतं: प्रसूतीच्या वेळी आपल्या पसंतीचं माणूस सोबत असणं हा प्रत्येक बाईचा अधिकार आहे. त्याच पोस्टरखाली खुर्ची टाकून गार्ड बसायचा आणि सोबत आलेल्या सासवांना, आयांना बाहेर पिटाळायचा. मी एकदा त्याला पोस्टर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मैडम, वो इंस्पेक्शन के लिए है." त्या इमारतीत तेवढा एक माणूस खरं बोलायचा.

आमच्या फेलोशिपच्या प्रमुख एक मॅडम होत्या. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी शेवटचं बाळंतपण केलं असावं. त्यानंतर त्यांनी फक्त स्लाइड केल्या. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी सरकारी वसाहतीत वाढल्यामुळे भरपूर पाहिली आहेत, पण यांना आपण उंटावर आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा जीव लॉगबुकात. प्रत्येक फेलोने तीस बाळंतपणं स्वतः करायची, प्रत्येकाचा पार्टोग्राफ लॉगबुकात लावायचा, त्यावर मॅडमची सही घ्यायची. तीस सह्या झाल्या की सर्टिफिकेट. एकोणतीस झाल्या तर घरी.

पार्टोग्राफ म्हणजे कळा सुरू झालेल्या बाईचा तक्ता. एक साधा चौकटींचा कागद. दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके मोजून ठिपका द्यायचा, दर चार तासांनी गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते पाहून फुली मारायची. फुल्या जोडल्या की रेघ चढत जाते. कागदावर आधीच छापलेल्या दोन तिरक्या रेघा असतात. आपली रेघ पहिलीच्या उजवीकडे सरकली तर सावध व्हायचं, डॉक्टरला बोलवायचं. दुसरीपर्यंत गेली तर काहीतरी करायलाच हवं, थांबायचं नाही. बाई अडली आहे हे तो कागद वेळेत ओरडून सांगतो. त्याचा उपयोग एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आमच्याकडे हा कागद बाळंतपण झाल्यावर भरत. बाळ बाहेर आलं, वार पडली, टाके झाले, चहा झाला, की सिस्टर खुर्चीत बसून शेवटापासून सुरुवातीकडे भरायला घ्यायची. बाळ तीन वाजता झालं ना? मग तीनला दहा सेंटिमीटर, त्याच्या चार तास आधी सहा. रेघ कशी छान छापलेल्या रेघेच्या डावीकडून वर जायची. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. सगळ्यात जुन्या सिस्टरने मला त्यातली कला शिकवली: दोन-तीन पेनं जवळ ठेवायची आणि अधूनमधून बदलायची, म्हणजे कागद तासातासाने भरल्यासारखा दिसतो. "एक ही पेन से मत भरना, बेटा, पकड़ में आता है," ती मायेने म्हणाली. तिच्याबद्दल मला राग नव्हता. एकटी सिस्टर आणि दहा बायका, ती ठिपके कधी देणार? राग मला मॅडमचा होता. एकाच सुरात चढत गेलेल्या त्या शेकडो रेघा पाहून त्या म्हणायच्या, "ब्यूटिफुल." सगळ्या बायका एकाच वेगाने कशा बाळंत होतात, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही.

माझे एकोणतीस पार्टोग्राफही तसेच भरलेले होते. हे सांगून टाकते, नाहीतर मी आत्तापर्यंत ज्या तोऱ्यात बोलले त्यावरून कुणाचा गैरसमज व्हायचा.

तिसावं बाळंतपण आलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या सभागृहात कार्यक्रम होता. मिडवाइफसाठी वेगळा कक्ष सुरू होणार होता, म्हणजे एका खोलीला नवा रंग देऊन तिथे कळा येताना बायकांनी बसायचे दोन मोठे रबरी चेंडू ठेवले होते. फीत कापायला पाहुणे येणार होते, फेलोंचे आईवडील बोलावले होते आणि आमच्या तुकडीतल्या मुली गुलाबी साड्या नेसून एक नाटुकलं करणार होत्या. विषय: बाई अडली तर डॉक्टरला वेळेत बोलवा. मला साडी मिळाली होती, पण लेबर रूममध्ये कुणीतरी फेलो हवी म्हणून मॅडमनी मला मागे ठेवलं. माझं तिसावं बाकी होतं. मला बरंच वाटलं.

सकाळी नऊला एक बाई आली. पालमकडची, पहिलटकरीण, बावीस-तेवीस वर्षांची. चार सेंटिमीटर उघडलेली. सासू गार्डजवळ अडकली. जुनी सिस्टर पलीकडच्या बायकांत गुंतलेली होती आणि माझ्याकडे ही एकटीच होती. मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, मी ठरवलं की हा एक पार्टोग्राफ खराखुरा भरायचा. वर्षभर सगळ्यांना नावं ठेवली, निदान शेवटचा तरी नीट. मी तिला पाठीवर झोपू दिलं नाही, चालवलं, कंबर दाबून दिली. मी 'आप' म्हटल्यावर ती पहिल्यांदा दचकली, मग रुळली. दर अर्ध्या तासाला मी ठोके मोजत होते आणि ठिपका देत होते. तो चार तासांचा वेळ माझ्या सगळ्या फेलोशिपमधला एकमेव शिकण्यासारखा वेळ होता.

एक वाजता तपासलं तर पाचच सेंटिमीटर. फुली पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली. वर्षभरात मी अशी फुली प्रथमच मारत होते. ड्यूटीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. वाजत राहिला. मॅडमना लावला. तोही वाजत राहिला. सगळ्यांचे फोन कार्यक्रमासाठी गप्प केलेले. मी आयाबाईला सभागृहात पाठवलं. ती वीस मिनिटांनी खाऊचं खोकं घेऊन परतली आणि म्हणाली, "मैडम बोलीं, प्रोग्राम ख़तम होते ही आ रहे हैं."

अडीचला पाणी फुटलं. हिरवट होतं, म्हणजे बाळाने आतच शी केली होती. कळ ओसरल्यावर ठोके खाली जाऊन हळूहळू वर येत होते. मी ते कागदावर लिहिलं, जुन्या सिस्टरला त्या बाईजवळ उभं केलं आणि स्वतः सभागृहाकडे पळाले.

आत नाटुकलं चालू होतं. माझी एक मैत्रीण उशी बांधून स्टेजवर कण्हत होती आणि दुसरी म्हणत होती, "चलो, देर मत करो, डॉक्टर को बुलाओ." डॉक्टरबाई पहिल्या रांगेत, मॅडमच्या शेजारी. मी बाजूच्या दारातून मॅडमना खूण केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबला. थांब, असं. तिसऱ्या रांगेत बाबा होते, निवृत्तीच्या दिवसासाठी शिवलेल्या कोटात. त्यांनी मला दारात पाहिलं, शेजारच्या गृहस्थांना कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

मी थांबले. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. पहिल्या रांगेपर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. ती चालत जाऊन डॉक्टरबाईंच्या हाताला धरून त्यांना उठवायचं, एवढंच काम होतं. पण पाहुणे बसले होते, मॅडमची तिसावी सही व्हायची होती, बाबा बघत होते. मी भिंतीला टेकून ते नाटुकलं शेवटपर्यंत पाहिलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

टाळ्यांनंतर पाहुण्यांचं भाषण. डॉक्टरबाई खाली आल्या तेव्हा साडेचार होऊन गेले होते. आल्या आल्या त्यांनी बाईकडे नाही, कागदाकडे पाहिलं. "यह अभी से किसने भर दिया?" त्या ओरडल्या. ते ओरडणं माझ्या उशिरासाठी नव्हतं, माझ्या लिहिण्यासाठी होतं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं तेव्हा व्हॅक्यूम लावून बाळ ओढून काढलं. मुलगा. निळसर, मऊ पडलेला. रडला नाही. पिशवीने श्वास देत देत त्याला नर्सरीत नेलं. ती बाई मान उचलून विचारत होती, "रोया क्यों नहीं? मैडम, रोया क्यों नहीं?" मी तिला म्हणाले की डॉक्टर बघताहेत.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाळ नर्सरीत मशीनवर होतं. मॅडमनी माझा पार्टोग्राफ दोन बोटांनी उचलला, ओला असल्यासारखा. हात दाखवून अवलक्षण केलंय तू, अशा अर्थाचं त्या हिंदीत बरंच बोलल्या. मग आवाज मऊ केला. "देखो, यह लर्निंग डॉक्यूमेंट है. इसे फ़ेयर कर लाओ. यह वाला तुम रख लो." त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि फुल्या कुठे यायला हव्यात तिथे पेन्सिलने बारीक खुणासुद्धा करून दिल्या. वीस वर्षांत त्यांनी लेबर रूमसाठी स्वतःच्या हाताने केलेलं तेवढं एकच काम असेल. खरा कागद नष्ट करायचीही त्यांना गरज वाटली नाही. मला त्यांनी इतकं ओळखलं होतं.

मी फेअर केला. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून, दहा मिनिटांत. तीन पेनं वापरली. पाणी स्वच्छ, ठोके एका सुरात, रेघ डावीकडून वर. खाली माझी सही. मॅडम म्हणाल्या, "ब्यूटिफुल," आणि त्यांनी सही केली.

नऊ दिवसांनी बाळ घरी गेलं. दोन आठवड्यांनी मला सर्टिफिकेट मिळालं. बाबांनी त्याला सोनेरी चौकट करून घेतली आणि घरात शिरताना समोर दिसेल अशा ठिकाणी टांगलं. खरा कागद मी त्याच फाइलमध्ये ठेवला होता, ज्यातून सर्टिफिकेट काढलं. फेकून द्यायचं धैर्य झालं नाही, आणि दाखवायचं तर त्याहून नाही. पुढे त्याच हॉस्पिटलने मला नव्या फेलोंची मेंटॉर म्हणून कंत्राटावर ठेवलं. मी त्यांना पार्टोग्राफ शिकवायचे. वेळच्या वेळी भरा, असं सांगायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या बाळंतपणानंतर आठेक महिन्यांनी, एका सकाळी अकराच्या सुमारास, ती बाई लेबर रूमच्या दारात आली. गार्डने तिला अडवलं होतं आणि ती माझं नाव सांगत होती. रेकॉर्ड रूममधून मिळालेल्या झेरॉक्सवर खाली माझं नाव होतं. मुलगा तिच्या कडेवर होता, म्हणजे खांद्यावर टाकलेला होता. मान धरत नव्हता. मुलांच्या डॉक्टरने जन्माच्या वेळचे कागद मागवले होते, म्हणून ती आली होती. कागद तिच्या हातात होता. तो तिने रेकॉर्डवाल्याकडून वाचून घेतला होता.

"मैडम, इसमें तो सब ठीक लिखा है," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "सास कहती हैं मैंने ज़ोर नहीं लगाया. मैं बोलती थी कि लगाया. पर काग़ज़ में तो कुछ गड़बड़ है ही नहीं. तो फिर मेरी ही ग़लती होगी, ना?"

नव्या तुकडीतल्या दोन मुली माझ्या मागे उभ्या होत्या. मला 'नहीं' एवढंच म्हणून सुटता आलं असतं. तसं सांत्वन आम्ही रोज करतो, त्याचे मार्क असतात. मी म्हणाले, "यह काग़ज़ मैंने अगले दिन बनाया था. असली मेरे घर पर है. कल ग्यारह बजे आइए."

संध्याकाळी मी फाइल काढली तेव्हा बाबा समोर बसले होते. काय शोधतेस, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. दारात मी उभी होते आणि ते कोपराने शेजाऱ्याला ढोसत होते, तेव्हा खाली काय चाललं होतं, तेही. त्यांनी भिंतीवरच्या सोनेरी चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजीला लिहिता येत नव्हतं." नेहमीचंच वाक्य. पुढचं वाक्य मात्र ते या वेळी बोलले नाहीत, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन ती आली. बाहेरच्या बाकावर मी तिला तो कागद उलगडून दाखवला. तिला आलेख वाचता येत नव्हता, म्हणून बोट ठेवून सांगितलं. इथे एक वाजला, इथे तुम्ही अडलात. इथे आयाबाईला पाठवलं. इथे पाणी हिरवं झालं, बाळाला त्रास सुरू झाला. तुम्ही ज़ोर लावला होता, पण तो इथे कामी येणार नव्हताच. इथे मी स्वतः वर डॉक्टरकडे गेले.

"फिर?" तिने विचारलं.

"दरवाज़े पर खड़ी रही."

"क्या कर रही थीं वहाँ?"

"नाटक देख रही थी."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. वर्षभर मी तीच नजर घेऊन त्या इमारतीत फिरले होते, मॅडमवर, डॉक्टरबाईंवर, रबरी बाईवरसुद्धा ती टाकली होती. माझ्यावर ती कुणी टाकली नव्हती. मग तिने त्या खऱ्या कागदाची घडी केली, मुलाच्या दुपट्यात खोचली, आणि मुलांच्या ओपीडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.